चेहरा मुलीचा, सही पालकांची

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ रोजी एक छोटासा कायदा अमलात आला. १८ वर्षांखालील मुलामुलींना केवळ दिसणे ‘सुधारण्यासाठी’ बोटॉक्स टोचणे किंवा ओठ-गाल भरण्यासाठी फिलर देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. नोंदणीकृत डॉक्टरांनी मंजूर केलेले उपचार तेवढे वगळण्यात आले. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. पण त्यातील एक गोष्ट भारतीय वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. आईवडिलांची परवानगी होती, हा बचाव तेथे चालत नाही. मुलीच्या चेहऱ्यावर सुई चालवायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या कायद्याने मुलीकडून काढून घेतला आणि तो आईवडिलांच्या हातीही दिला नाही.

भारतात तो अधिकार पालकांच्या सहीत आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी किमान वय ठरवून देणारा कायदा येथे नाही. १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यक्ती अज्ञान मानली जाते. त्यामुळे रुग्णालये संमतिपत्रावर पालकांची सही घेतात आणि ती मिळाली की मार्ग मोकळा होतो. मग ते नाक सरळ करणे असो, हनुवटीला आकार देणे असो, चरबी काढणे असो की मुलग्याच्या छातीचा उठाव कमी करणे असो. पालकांची संमती म्हणजे मुलांचे संरक्षण, या गृहीतकावर ही सारी व्यवस्था उभी आहे. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेबाबत ते गृहीतक बिनचूक आहे. नाकाच्या आकाराबाबत ते तितकेच खरे मानता येईल का? आपल्या देशात मुलीचे नाक, तिचा रंग आणि तिचे वजन यांवर सर्वांत आधी आणि सर्वांत चिकाटीने बोलणारी माणसे बहुधा घरातलीच असतात.

पुढे जाण्यापूर्वी एक गल्लत टाळली पाहिजे. प्लास्टिक सर्जरी हा शब्द उच्चारताच नटनट्यांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात. या शास्त्राचा जन्म मात्र दुःखातून झाला आहे, आणि तोही याच भूमीत. कापल्या गेलेल्या नाकाची पुनर्रचना कशी करावी याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. ती विद्या शतकानुशतके कारागिरांच्या घराण्यांत टिकून राहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर असताना टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. वीट घडवणाऱ्या जातीतील एका माणसाने पुण्याजवळ त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. त्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने त्याच पद्धतीने लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली. ज्याने हे नाक घडवले त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

ही परंपरा आजही चालू आहे. दुभंगलेला ओठ घेऊन जन्मणारी हजारो बालके दरवर्षी या देशातील शल्यविशारदांच्या हातून सावरली जातात. उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळच्या खेड्यातल्या अशाच एका मुलीवर बनारसमध्ये झालेल्या शस्त्रक्रियेची कहाणी सांगणाऱ्या ‘स्माइल पिंकी’ या लघुपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळाले. भाजलेल्या, अॅसिडहल्ल्यात होरपळलेल्या किंवा अपघातात जबडा मोडलेल्या मुलांसाठी ही शस्त्रक्रिया म्हणजे माणसांत परतण्याची वाट असते. बाहेर आलेल्या कानांवरून वर्गात रोज चिडवल्या जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलाचे कान नीट बसवण्यातही आक्षेपार्ह काही नाही. त्या वयापर्यंत कानाची बहुतांश वाढ झालेली असते आणि ही शस्त्रक्रिया लहानपणीच करतात.

व्यंग सुधारणे आणि दिसणे बदलणे यांतील रेषा आखता येत नाही, असे डॉक्टरांच्या परिषदांत आणि वकिलांच्या युक्तिवादांत वारंवार ऐकू येते. केंद्र सरकारच्या करखात्याला मात्र ती केव्हाच आखता आली आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा आरोग्यसेवेला करमुक्ती देण्यात आली. केशरोपण आणि कॉस्मेटिक वा प्लास्टिक सर्जरी मात्र तिच्यातून वगळली गेली. जन्मजात दोष, वाढीतील व्यंग, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना वा कार्य पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया करमुक्त आहे, बाकीच्यांवर १८ टक्के कर आहे. इतकी स्वच्छ व्याख्या सरकारच्या दप्तरी असताना ती फक्त बिलाच्या तळाशी वापरली जाते. १८ टक्क्यांसाठी रेषा आहे, १८ वर्षांसाठी नाही.

वयाचा हा आग्रह सोवळेपणातून आलेला नाही. तो शरीरशास्त्राचा आहे. मुलींच्या नाकाची वाढ साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलग्यांची त्याहून थोडी अधिक काळ चालू असते. जबडा आणि हनुवटी यांचा मेळ त्याच काळात बसत जातो. चौदाव्या वर्षी मोठे दिसणारे नाक अठराव्या वर्षी चेहऱ्यात सामावून गेलेले असते. पौगंडावस्थेत मुलग्यांच्या छातीला येणारा उठाव ही अगदी सर्रास आढळणारी गोष्ट आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत ती दोनेक वर्षांत आपोआप ओसरते. पण पोहण्याच्या तलावावर शर्ट न काढणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला दोन वर्षे म्हणजे जन्मठेप वाटते. त्याला हे कोणी समजावून सांगत नाही; त्याला जाहिरात भेटते.

याहून अवघड प्रश्न मनाचा आहे. आपल्या शरीरात काहीतरी विद्रूप आहे, या विचाराने माणसाला झपाटून टाकणारा एक मनोविकार आहे. मानसोपचारतज्ज्ञ त्याला ‘बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर’ म्हणतात. तो बहुधा १८ वर्षांच्या आत, अनेकदा बारा-तेराव्या वर्षीच सुरू होतो. अशी व्यक्ती तासन्‌तास आरशापुढे घालवते किंवा आरसा टाळते, लोकांत जाणे सोडते आणि मदतीसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे न जाता त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडे जाते. शस्त्रक्रियेने तिचे समाधान क्वचितच होते. नाक झाले की हनुवटी खटकू लागते. अनुभवी सर्जन असा रुग्ण ओळखतात आणि परत पाठवतात. पण शहराच्या प्रत्येक चौकात उघडलेल्या ‘एस्थेटिक’ दवाखान्यांत तो कोणी ओळखावा, आणि का ओळखावा? परत पाठवलेला रुग्ण म्हणजे बुडालेले उत्पन्न.

या साऱ्याचे खापर मोबाइलवर फोडण्याची हल्ली रीत आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. टाळेबंदीत घरी अडकलेली एक पिढी स्वतःचाच चेहरा दिवसभर पडद्यावर पाहत मोठी झाली. इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीची शरीराविषयीची खंत अधिक बिघडते, असे त्या कंपनीच्याच अंतर्गत अभ्यासात आढळले होते, हे सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने उघड केले. कॅमेऱ्याचीही एक लबाडी आहे. १२ इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसू शकते, असे अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवून दिले. म्हणजे जे नाक कापून लहान करायचे आहे, ते कित्येकदा हाताच्या लांबीमुळे मोठे झालेले असते.

तरीही मोबाइल हा उशिरा आलेला पाहुणा आहे. घर आधीपासून तयार होते. ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली ती १९७५ मध्ये, मोबाइलच्या कितीतरी आधी. ४५ वर्षे उजळ रंगाचे आश्वासन विकून झाल्यावर २०२० मध्ये तिने नावातला ‘फेअर’ शब्द टाकला. त्याच वर्षी जूनमध्ये विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाला टीकेनंतर त्वचेच्या रंगानुसार स्थळे चाळण्याची सोय काढून टाकावी लागली. ही सोय कोणत्याही परदेशी कंपनीने आपल्यावर लादली नव्हती. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांवर ‘गोरी, सडपातळ, उंच’ ही विशेषणे कित्येक पिढ्या छापली गेली, ती पैसे मोजून वधूवरांच्या पालकांनीच छापून आणली.

मुलीला हे शिकवण्यासाठी कोणी वर्ग घेत नाही. उन्हात खेळायला जाऊ नकोस, या सूचनेत उष्माघाताची काळजी कमी आणि रंगाची जास्त असते. लग्नसमारंभात भेटलेली आत्या ‘केवढी मोठी झालीस’ म्हणून थांबत नाही. ‘पण वाळलीस’ किंवा ‘पण सुटलीस’ हे त्याला जोडूनच येते. बेसन-हळदीचा लेप, लिंबू, दुधाची साय यांनी काही बिघडत नसेल. पण सहाव्या-सातव्या वर्षापासून रोज लावल्या जाणाऱ्या त्या लेपातून मुलीला एकच गोष्ट कळते, की तू आहेस तशी पुरेशी नाहीस. दोन बहिणींत एक ‘उजळ’ असेल तर दुसरीचे बालपण कसे जाते, हे उत्तरेत काय आणि दक्षिणेत काय, कुणाला सांगावे लागत नाही. चेन्नईच्या ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने २००९ मध्ये ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा तिला बोलावे लागले ते आधी कुटुंबांशीच.

आईवडिलांना खलनायक ठरवून हा विषय संपत नाही. बहुतेक आया हे क्रौर्यातून करत नाहीत, हिशेबातून करतात. हुंडा कायद्याने १९६१ पासून गुन्हा आहे आणि व्यवहारात चालूच आहे. ज्या बाजारात सावळ्या रंगाची भरपाई सोन्याने करावी लागते, तेथे मुलीच्या नाकावर खर्च केलेले पैसे ही आईला गुंतवणूक वाटते. तिने स्वतः तो बाजार सोसलेला असतो. आपल्या लेकीला तो कमी बोचावा एवढेच तिला हवे असते, आणि म्हणूनच संमतिपत्रावर सही करताना तिचा हात अडखळत नाही. मुलग्यांची घरेही आता यातून सुटलेली नाहीत. पुरुषांसाठीचे गोरेपणाचे क्रीम २००५ मध्ये आले आणि एका सुपरस्टारने ते विकले. रुंद खांदे, भरघोस दाढी, न मागे हटणारे केस यांची यादी त्यांच्याही गळ्यात पडली आहे.

शस्त्रक्रिया ज्यांना परवडते त्यांच्याविषयी आपण लिहितो-बोलतो. ज्यांना ती परवडत नाही, त्यांच्या वाट्याला डबी येते, आणि डबी अधिक धोकादायक असू शकते. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथे मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आढळले. त्यांतील १५ जणांमध्ये या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार दिसला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे वापरत होते. क्रीममध्ये पारा होता. तेथील रुग्णांत चौदा वर्षांची एक मुलगीही होती. महाराष्ट्रातही अकोल्यात असेच घडले. एका तरुण विद्यार्थिनीसह तिच्या घरातील तिघींच्या मूत्रपिंडांना स्थानिक पातळीवर तयार झालेल्या क्रीमने इजा केली, आणि मुंबईत तपासणी झाल्यावर त्याचे मूळ पाऱ्यात सापडले. आई आणि मुली एकाच डबीतले क्रीम लावत होत्या. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून रंग खरोखर उजळतो. हाच तर सापळा आहे. क्रीम गुणकारी ठरते, शेजारणीही मागवतात, आणि पाय सुजू लागतात तेव्हा कोणाला क्रीमची शंका येत नाही.

तमिळनाडूने तर या विषमतेवर आपल्या परीने उत्तरच शोधले. २०१८ मध्ये चेन्नईच्या स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्तनांच्या शस्त्रक्रिया गरिबांसाठी विनामूल्य करण्याची योजना राज्य सरकारने जाहीर केली. सौंदर्योपचार श्रीमंतांनीच का घ्यावेत, असा त्यामागचा युक्तिवाद होता. त्यावर टीका झाली, थट्टाही झाली. पण तो युक्तिवाद झटकून टाकण्याइतका पोकळ नाही. देखणेपणावर नोकरी, लग्न आणि मान ठरत असेल, तर त्याची साधने फक्त पैसेवाल्यांकडे का असावीत? सज्ञान स्त्रीने स्वतःच्या शरीराबाबत स्वतः घेतलेल्या निर्णयाला नाक मुरडण्याचा अधिकार स्तंभलेखकांना नाही. येथे प्रश्न त्यांचा आहे, ज्यांचा निर्णय दुसरेच कोणी घेते.

कायदा या ‘दुसऱ्या’विषयी काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने जुन्या दंडसंहितेतील संमतीची कलमे जवळजवळ जशीच्या तशी घेतली आहेत. पालकाच्या संमतीने मुलाच्या शरीरावर केलेल्या कृतीला कायदा संरक्षण देतो, पण ती कृती सद्भावनेने आणि मुलाच्या हितासाठी केलेली असावी लागते. हे संरक्षण कलमात १२ वर्षांखालील मुलांपुरते लिहिलेले आहे. बारा ते अठरा या वयाची तरतूद इतकी धूसर आहे की रुग्णालये सरसकट पालकांच्या सहीचा आधार घेतात. याच कलमांच्या स्पष्टीकरणात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे आजवर फारसे कोणी पाहिलेले नाही. निव्वळ आर्थिक लाभ हा ‘हित’ मानला जाणार नाही, असे ते सांगते. मग चांगले स्थळ मिळावे, हुंडा कमी पडावा, किंवा जाहिरातीत काम मिळावे म्हणून सोळा वर्षांच्या मुलीचे नाक बदलले, तर ते कायद्याच्या भाषेत तिचे हित ठरते का? हा प्रश्न एखाद्या न्यायालयापुढे नीट मांडला गेला पाहिजे. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात जानेवारी २००८ मध्ये बजावले होते की रुग्ण स्वतः संमती देण्यास समर्थ असताना तिच्या आईची संमती चालणार नाही. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिचा शब्द शून्य आणि दुसऱ्या दिवशी सर्वस्व, हे कायद्याला सोयीचे असेल. डॉक्टरच्या विवेकाला ते पुरणारे नाही.

वैद्यकीय नियामकांची गोष्ट आणखी निराश करणारी आहे. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका २१ वर्षांच्या कन्नड अभिनेत्रीचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला मार्गदर्शक सूचना काढून सांगावे लागले की यूट्यूब पाहून किंवा कार्यशाळेत बसून सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपण शिकता येत नाही. असे लेखी सांगण्याची वेळ यावी यातच सारे आले. तरीही २०२४ आणि २०२५ मध्ये कानपूरमध्ये केशरोपणानंतर दोन अभियंत्यांचे मृत्यू झाले, आणि त्या प्रकरणात उपचार करणारी व्यक्ती दंतवैद्य असल्याचा आरोप पुढे आला. ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने डॉक्टरांसाठी नवी आचारनियमावली काढली होती. समाजमाध्यमांवर बऱ्या झालेल्या रुग्णांची छायाचित्रे किंवा शस्त्रक्रियेचे चमकदार निकाल दाखवू नयेत, असे तिच्यात स्पष्ट म्हटले होते. ‘आधी आणि नंतर’ या जोडचित्रांवर उभा असलेला सारा धंदा त्या एका वाक्याने अडचणीत आला असता. २३ ऑगस्टला, म्हणजे तीन आठवड्यांतच, ती नियमावली स्थगित झाली. स्थगितीची कारणे इतरही होती, जेनेरिक औषधांवरून डॉक्टरांचा रोष हे त्यांतले मोठे. पण त्या गोंधळात मुलांच्या कामाची ही तरतूदही वाहून गेली. गोरेपणाच्या जाहिरातींना जादूटोण्याच्या औषधांच्या १९५४ च्या कायद्याखाली आणण्याचा फेब्रुवारी २०२० चा मसुदाही मसुदाच राहिला. त्यातल्या त्यात आशेची जागा म्हणजे २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा. १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना तो मनाई करतो. पण जन्मतारीख खोटी टाकून खाते उघडणे सातवीतल्या मुलालाही जमते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

सरसकट बंदी हा यावरचा उपाय नाही. बंदी आली की काम तळघरात जाते, आणि तळघरात भूलतज्ज्ञ नसतो. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय मंडळाने निवडलेली वाट अधिक समंजस आहे. तेथे अल्पवयीनाला मोठी सौंदर्यशस्त्रक्रिया हवी असेल तर आधी मानसिक मूल्यमापन होते आणि संमतीनंतर किमान तीन महिने थांबावे लागते. व्यंगदुरुस्तीला हा थांबा लावण्याचे कारण नाही, आणि कोणती शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची हे ठरवायला करखात्याची व्याख्या तयारच आहे. आपल्याकडे आणखी एका गोष्टीची भर घालावी लागेल. आईवडिलांना काही वेळ बाहेर बसवून डॉक्टरांनी मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने बोलले पाहिजे, आणि हे तुला हवे आहे की घरच्यांना, असे विचारून तिचे उत्तर नोंदवले पाहिजे. काही चांगले सर्जन आजही हे स्वतःहून करतात. आयोगाने स्थगित नियमावली पुन्हा लिहायला घेतली, की संमतिपत्रात पालकांच्या सहीच्या वर या नोंदीसाठी दोन ओळी मोकळ्या ठेवण्यास फार मोठा कायदा लागणार नाही.